भिंतीला पाठ लावून

कबड्डीत शिल्पा बिराजदार चढाईला निघाली की अंबरपेठच्या मैदानावर बाकीच्यांचे सराव थांबायचे. अंगाने ती काही दांडगी नव्हती. पण सात जणी हात पसरून चालून येत असताना कोणत्या दोघींच्या मधे फट पडणार आहे, हे तिला फट पडायच्या आधी दिसायचं. "कसं दिसतं गं तुला?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "दिसतं म्हणजे दिसतं. तुला नाही दिसत?" यात फुशारकी नव्हती. तिला खरंच वाटायचं की सगळ्यांनाच दिसत असणार.

याच खेळावर तिला सरकारी कार्यालयात नोकरी लागली, राज्याच्या संघात जागा मिळाली. आणि याच खेळात, करीमनगरच्या एका सामन्यात, उजवा पाय मॅटवर रोवून ती गर्रकन वळली आणि पाय तिथेच राहिला. तिला कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "वर्षाच्या आत मैदानावर जाल. पण ऑपरेशन माझं, गुडघा तुमचा. व्यायाम चुकवायचा नाही."

शिल्पा हसली. तिला कुणी व्यायामाचं सांगावं!

घरी आल्यावर मात्र कळलं की हा व्यायाम वेगळा आहे. अंबरपेठच्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत तिची कॉट टाकली होती. तिथे पडून टाच गादीवरून हळूहळू आपल्याकडे ओढायची, पुन्हा हळूहळू सोडायची. झालं, एवढंच. ज्या पायाने ती तिघी-चौघींना फरफटत रेषेपर्यंत आणायची, त्या पायाची टाच वीतभर सरकवताना तिला दरदरून घाम फुटायचा. शिवाय जो येईल तो तेच सांगायचा. फिजिओथेरपिस्ट भाग्यलक्ष्मी मॅडम म्हणायच्या, "हळू." आई, भामाबाई, भिंतीला धरून चालणाऱ्या लेकीच्या मागे मागे फिरत म्हणायची, "सावकाश गं बाई." वडील शिवराजअप्पा बेगम बाजारातलं सुक्या मिरचीचं दुकान बंद करून घरी आले की दारातूनच विचारायचे, "घाई नाही ना केली आज?"

धाकटा भाऊ विक्रम सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि बहुतेक दिवस घरूनच काम करायचा. अक्काचा चेहरा त्याला बघवेना. एका दुपारी त्याने आपलं गेमिंगचं यंत्र उचलून पुढच्या खोलीतल्या टीव्हीला जोडलं आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला.

"काय आहे हे?"

"झोंबी गेम. मेलेली माणसं उठतात आणि अंगावर येतात. गोळ्या घालायच्या, नाहीतर पळायचं. बघ तर."

शिल्पाने आयुष्यात असलं काही खेळलं नव्हतं. कोणतं बटण दाबल्यावर माणूस वाकतो आणि कोणतं दाबल्यावर बंदूक भरली जाते, हे कळेपर्यंत ती मेली. पुन्हा मेली. मग एका उजाड बाजारपेठेत ती उभी असताना तीन बाजूंनी ते आले. रेंगाळत, पाय ओढत येणारे नव्हते हे. सुसाट पळत येणारे होते. सगळ्यांचे हात पुढे. शिल्पाच्या मानेवर काटा आला, कारण ते हात तिच्या ओळखीचे होते. डावीकडच्या दोघांमधली फट तिला दिसली. अंगठा आपोआप सरकला आणि ती त्यांच्या मधून बाहेर पडली.

"आयला!" विक्रम ओरडला. "अक्का, हे मला सहा महिने खेळून जमलेलं नाही!"

"फटच होती तिथे," शिल्पा म्हणाली. तिचा श्वास चढला होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिचा श्वास दुखण्याशिवाय कशाने तरी चढला होता.

संध्याकाळी शिवराजअप्पा आले तेव्हा ती खेळतच होती.

"काय चाललंय पोरी?"

"झोंबीचा गेम, पप्पा."

"झोंबी? म्हणजे कुस्तीच की! मग बरं आहे." अप्पांचे वडील भालकीकडचे, आखाड्यात वाढलेले. अप्पा कौतुकाने टीव्हीसमोर बसले. पडद्यावर जबडा लोंबणारं एक तोंड अख्ख्या टीव्हीभर आलं, तसे ते उठले आणि पाय धुवायला निघून गेले. "असली झोंबी आमच्याकडे नव्हती बाबा," आतून त्यांचा आवाज आला.

सुरुवातीला हा नुसता विरंगुळा होता. पण त्या खेळाला थांबणं नव्हतं. एक टोळी संपवली की दुसरी, दुसरी संपते न संपते तोच लांबून तिसरीच्या किंकाळ्या. आणि मेलीस तरी हरकत नाही. दोन श्वास घेतले की तू पुन्हा त्याच बाजारपेठेत उभी, पाय धडधाकट, बंदूक भरलेली. मैदानावर हरलेला सामना महिनाभर सलायचा. इथे हार सलायला वेळच नव्हता. मागच्या खेपेला कुठे चुकलं ते ताजं असतानाच नवी खेप सुरू व्हायची, आणि या खेपेला नक्की जमेल असं वाटायचं. बऱ्याचदा जमायचंही. हीच तर गोम होती. दिवसभर ज्या मुलीला सगळे "हळू, हळू" म्हणत होते, तिला ते यंत्र सांगत होतं, "पळ!"

थोड्याच आठवड्यांत ती पक्की खेळाडू झाली. नेम तिचा बेताचाच राहिला, पण तिला पकडणं कुणाला जमेना. विक्रम आणि त्याचा मेहदीपटणमचा मित्र मुजीब यांच्यासोबत तिने टोळी बांधली. मुजीब कानातल्या हेडफोनमधून म्हणायचा, "अक्का, तुम आगे चलो. हम तुम्हारे पीछे हैं." मग शिल्पा पुढे धावायची, अख्खा लोंढा स्वतःच्या मागे ओढून न्यायची, आणि ते दोघे तो मागून टिपायचे.

व्यायाम? व्यायाम होत होता. म्हणजे आधी नियमाने होत होता, मग एका टोळीनंतर होणार होता, मग संध्याकाळी होणार होता. गोळ्यांचे आवाज आले की पोरगी खेळतेय हे स्वयंपाकघरात कळतं, म्हणून ती हेडफोन लावू लागली. आई आतून विचारायची, "झाला का गं व्यायाम?" आणि शिल्पा पडद्यावरची नजर न हलवता म्हणायची, "हौ, झाला." आपण खोटं बोलतोय असं तिला वाटत नव्हतं. तिची छाती धडधडत होती, तळवे ओले होते, मान आखडली होती. खेळून आल्यावर अंग जसं होतं तसंच झालेलं असायचं. फक्त गुडघा त्यात नव्हता.

काचीगुड्याच्या क्लिनिकमध्ये भाग्यलक्ष्मी मॅडमनी पट्टी लावून गुडघा मोजला, पुन्हा मोजला आणि पट्टी खाली ठेवली. मॅडम तेलुगू, पण शिल्पाशी हिंदीतच बोलायच्या.

"ये नब्बे डिग्री के आगे नहीं जा रहा, अम्मा. अब तक तो पूरा मुडना था. घर पे क्या कर रही हो?"

"करते मॅडम, एक्सरसाइज करते. थोडा धीरे आ रहा."

"धीरे?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम? ऐसा ही रहा तो डॉक्टर फिर से बेहोश करके मोडेंगे. समझी ना?"

शिल्पाला समजलं. पण ती घाबरली नाही. शेवटच्या पाच मिनिटांत मागे असलेला सामना ओढून आणणं हे तिचं नेहमीचं काम होतं. मनावर घेतलं की पंधरा दिवसांत गुडघा वळणावर येईल, याबद्दल तिला काडीची शंका नव्हती. फक्त मनावर घ्यायचा दिवस उद्याचा होता.

त्यातच नारायणगुड्याच्या एका गेमिंग कॅफेने स्पर्धा ठेवली. विक्रमने परस्पर तिघांची नावं देऊन टाकली. रविवारी सकाळी शिल्पा भावाच्या मोटारसायकलवर मागे पाय लांब करून बसली. इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. आत काळोख्या हॉलमध्ये निळे दिवे, फिरत्या खुर्च्या, कॉलेजची पन्नासेक पोरं. लंगडत आलेल्या सलवार-कमीजमधल्या मुलीकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

दुपारपर्यंत सगळे तिच्याच खुर्चीमागे उभे होते.

अंतिम फेरीत शेवटची टोळी आली तेव्हा मुजीब आधीच पडला होता. मग विक्रम पडला. शिल्पाजवळ गोळ्या संपल्या होत्या. बाहेर पडायचं फाटक रस्त्याच्या पार टोकाला आणि मधे सगळा रस्ता हातांनी भरलेला. विक्रम कुजबुजला, "अक्का, छतावर चढ. तिथे थांब." ती थांबली नाही. ती सरळ लोंढ्यात शिरली. उजवीकडे जातेय असं दाखवून डावीकडे, एकाला दुसऱ्यावर आदळवून मधून पुढे, भिंतीला घासून वळून, शेवटच्या दोघांच्या हातांखालून वाकून ती फाटकाबाहेर पडली. हॉलमध्ये एकच गलका झाला. कुणीतरी शिट्टी मारली. स्पर्धा भरवणाऱ्याने तिच्या अंगावर विजेत्यांचा काळा टी-शर्ट टाकला आणि माइकवर तिचं नाव चुकीचं उच्चारलं. शिल्पा दोन्ही हात वर करून हसत होती. मैदानाबाहेर पडल्यापासून ती इतकी खूश कधीच झाली नव्हती.

मग ती खुर्चीतून उठायला गेली.

सबंध दिवस एकाच कोनात राहिलेला गुडघा सरळ होईना. टेबल धरून, दात खाऊन तिने तो सरळ केला आणि लंगडत लिफ्टपाशी आली. लिफ्ट बंद पडली होती. "अभी मेकॅनिक आता," वॉचमन म्हणाला, पण तो कधी येईल हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मी उचलून घेतो," विक्रम म्हणाला.

"वेडा झालास का? तीन मजले तर आहेत."

तिने कठडा धरला आणि ती डावा पाय खालच्या पायरीवर ठेवायला गेली. त्यासाठी वरच्या पायरीवरचा उजवा गुडघा वाकवून त्याच्यावर भार तोलायचा होता. त्याला भार पेलला नाही. नुसता थरथरला आणि ढासळला. विक्रमने काखेत धरलं म्हणून ती पडली नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मांडी हाताला लागली तेव्हा ती तिला परक्याची वाटली, मऊ आणि बारीक.

मागून हरलेल्या संघांची पोरं येत होती, दोन-दोन पायऱ्या गाळत, मोबाइलवर बोलत. "काँग्रॅट्स अक्का!" म्हणत ती तिच्या बाजूने खाली उड्या मारत निघून गेली.

शिल्पा पायरीवर बसली. मग हातांवर जोर देऊन खालच्या पायरीवर सरकली. मग त्याच्या खालच्या. लहान मूल उतरतं तशी बसून, विजेत्याच्या टी-शर्टमध्ये, ती तिन्ही मजले उतरली. विक्रम आणि मुजीब एकेक पायरी तिच्यासोबत उतरत होते.

मोटारसायकल मुजीबकडे देऊन दोघं रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "विक्रम, मला वाटत होतं मी पळतेय."

विक्रमचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं अक्का. मीच आणून दिलं तुला ते."

"गप रे. खेळले कोण? मी ना?" ती बाहेर बघत म्हणाली. "आता बघ तू."

दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडायच्या आधी ती दारात होती. भाग्यलक्ष्मी मॅडमना तिने सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. मॅडमनी तिला पालथं झोपवलं, पाय धरला आणि वाकवायला सुरुवात केली. शिल्पाची किंकाळी बाहेर रिसेप्शनपर्यंत गेली. "चिल्लाओ," मॅडम म्हणाल्या, "लेकिन पैर ढीला छोडो."

ती रोज जाऊ लागली. पण घरचा व्यायाम सुरू केल्यावर दुसरी अडचण कळली. दुपार झाली की तिचे अंगठे वळवळायचे. टाच ओढताना डोळ्यांसमोर ती बाजारपेठ यायची, आणि तिकडे मुजीबचा निरोप येऊन पडलेला असायचा: "अक्का, कब?" विक्रमने कंट्रोलर आईकडे दिला. भामाबाईंनी तो ज्वारीच्या डब्यात पुरला. शिल्पाने तिसऱ्याच दिवशी तो शोधून काढला आणि दुपारभर खेळली, बटणांच्या फटीत ज्वारीचे दाणे अडकलेले असताना. संध्याकाळी तिला स्वतःचाच राग आला.

"मॅडम, छूटता नहीं," तिने सकाळी कबूल केलं. "दम धरके बैठती, पर छूटता नहीं. उधर सब कुछ पीछे लगता है. इधर व्यायाम में कुछ भी पीछे नहीं लगता."

मॅडमनी त्या दिवशी नवा व्यायाम दिला. भिंतीला पाठ टेकवून खाली घसरायचं, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं व्हायचं आणि तसंच टिकून राहायचं. मांडीत जोर येण्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही, असं त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर शिल्पाने टीव्हीच्या समोरच्या भिंतीला पाठ लावली. मांड्या पेटल्या. चटकन उठावंसं वाटलं. समोर काळा पडदा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने हाक मारली.

"आई, तो कंट्रोलर आण."

"अजिबात नाही आणणार."

"आण तर. आणि इथे बस. तू आता पंच. मी या भिंतीला अशी टेकलेली असेन तोवरच खेळणार. उठले, खाली बसले, नाहीतर हात टेकवला, की बाद. बाद झाले की टीव्ही बंद करायचा. मी कितीही ओरडले तरी बंद."

भामाबाईंना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पंचाचं काम समजलं. त्या निवडायची मेथी घेऊन वेताच्या मोढ्यावर बसल्या आणि लेकीच्या मांडीवर नजर रोखली. पडद्यावर लोंढा सुटला. शिल्पा भिंतीला चिकटून, दात आवळून बटणं दाबत होती. पहिली टोळी निम्मीही झाली नव्हती तोच तिची पाठ घसरली.

"बसलीस! बाद!" भामाबाई कडाडल्या आणि टीव्ही बंद केला.

"आई, दोनच राहिले होते!"

"पंचाशी हुज्जत नाही."

मुजीबचा फोन आला, "क्या हुआ अक्का? एकदम गायब?" शिल्पा जमिनीवर आडवी पडून हसत होती. मांड्या अशा थरथरत होत्या की पुन्हा भिंतीला टेकायची सोय नव्हती. त्या दिवसाचा खेळ तिथेच संपला. आणि तिला कळलं की या खेळाला पहिल्यांदाच शेवट आला आहे. तो बाहेरून कुणी लादलेला नव्हता. तिच्याच पायांनी आणला होता.

भाग्यलक्ष्मी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या आधी रागावल्या, मग हसल्या, मग स्वतः अंबरपेठला घरी आल्या. किती खाली बसायचं त्याची खूण म्हणून त्यांनी भिंतीवर रंगीत चिकटपट्टी लावली. "इसके नीचे नहीं. दर्द आया तो बंद," त्या पंचांना बजावून गेल्या. भामाबाईंनी दिलेली फिल्टर कॉफी त्यांनी दोनदा घेतली.

तिघांच्या टोळीची हार होऊ लागली. अक्का कधी मधेच बाद होईल याचा नेम नव्हता, तेव्हा मुजीब आणि विक्रमला स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकावं लागलं. हळूहळू शिल्पा एक टोळी पुरी करू लागली, मग दीड. आई बाद द्यायची वाट बघून आता कंटाळायची, मेथी संपायची, तरी पोरगी भिंतीला चिकटलेलीच. आणि गंमत म्हणजे त्या खेळाची ओढ कमी झाली नाही. तिला तो अजूनही तितकाच आवडायचा. फक्त आता तो खेळायचा म्हणजे मांडी पेटवायची, आणि मांडी पेटली की मन आपोआप म्हणायचं, पुरे. एकदा अप्पांनी दुकानातून येऊन हा प्रकार बघितला. लेक भिंतीला पाठ लावून घामाघूम, बायको बोट उगारून समोर. "हां," ते दारातूनच म्हणाले, "ही खरी झोंबी."

गुडघा वाकू लागला. पुन्हा भूल द्यायची वेळ आली नाही. पुढे जिने आले, सायकल आली, मैदानाला फेऱ्या आल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच आठवड्यात शिल्पा प्रशिक्षक हिंमतराव सरांपुढे बूट बांधून उभी राहिली.

सरांनी तिला सराव सामन्यात उतरवलं. समोर नव्या मुली होत्या, त्यात स्नेहा नावाची एक उंच, चपळ पकड करणारी. शिल्पाने दम सुरू केला आणि रेषा ओलांडली. सात जणी पसरल्या. तिला फट दिसली. अगदी पूर्वीसारखीच दिसली. पण पाय तिथे पोचेपर्यंत ती फट बुजली होती. स्नेहाने घोटा धरला, बाकीच्या कोसळल्या, आणि शिल्पा मॅटवर पालथी झाली.

सगळ्यांच्या नजरा तिच्या गुडघ्यावर होत्या. स्नेहा घाबरून म्हणाली, "ताई, लागलं का?"

शिल्पाने गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. "नाही लागलं. छान धरलंस. पुढच्या वेळी आणखी खालून धर, नाहीतर मी सुटेन."

ती बाहेर बाकावर जाऊन बसली. आपल्या संघाने गुण मिळवेपर्यंत बसून राहणं भाग होतं. तिला ते चाललं. स्नेहा कोणत्या पायावर भार टाकते, कोपऱ्यातली मुलगी कधी घाई करते, हे ती बघत राहिली. गुण मिळाला, ती आत आली. दुसऱ्या चढाईत तिने फटीकडे धाव घेतलीच नाही. बोनस रेषेपलीकडे पाय टेकवला आणि कुणाचा हात पोचायच्या आत परत आली. एकच गुण. कुणी शिट्टी मारली नाही.

हिंमतराव जवळ आले. "डोळा आहे तिथेच आहे. पाय मागे राहतोय."

"येईल सर."

"कधी?"

"डोळा वाट बघेल तोवर," ती म्हणाली. "पण येणार."

पुढच्या चढाईला कुणाला पाठवायचं म्हणून सरांनी मुलींकडे वळून पाहिलं, तर शिल्पा आधीच मधल्या रेषेवर जाऊन उभी होती.